तांबडी छापी

चिलीम माझ्या मांडीवरून पुढं गेली.

डावीकडून शिरपतीनं हात लांबवला आणि उजवीकडून म्हादूनं ती घेतली. मधे मी मांडी घालून बसलेला, हात पुढं केलेला. शिरपती चिलीम देताना आभाळाकडं बघत होता. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. पुढं केलेला हात मी तसाच वर नेला आणि मान खाजवल्यासारखं केलं.

"आलास ते बरं झालं, पिराजी," सातापा गुळव्या म्हणाला. गुऱ्हाळाचा मुख्य तोच. "तब्येत झ्याक दिसती."

"डॉक्टर म्हणल्यात, आता माझ्यापास्नं कुणाला काय हुईत न्हाई," मी सांगितलं.

"झ्याक झालं की मग."

चिलीम फिरून पुन्हा आमच्या बाजूला आली. शिरपतीनं पुन्हा आभाळ बघितलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ते गुऱ्हाळ गेलं, त्या माळावर आता वीटभट्टी आहे. क्षयानं मी एक अख्खा पावसाळा दवाखान्यात काढला होता आणि मार्गशीर्षात बरा होऊन गावी परतलो होतो. दुसऱ्याच दिवशी गुऱ्हाळावर गेलो तो कामासाठी गेलो असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे मी चिलमीसाठी गेलो होतो. ओढायला नव्हे, तंबाखू डॉक्टरांनी कायमची बंद केली होती. मला ती फक्त हातात यायला हवी होती.

आमच्याकडं 'चिलमीतला माणूस' असं म्हणायची पद्धत होती. चिलीम मातीची, सगळ्यांत मिळून एकच. तिच्या बारीक टोकाला ओला फडका गुंडाळायचा, त्याला छापी म्हणत. आतला खडा तंबाखू अडवतो, छापी राख अडवते आणि धूर गार करते. छापी कोरडी पडली तर ठिणगी थेट घशात जाते, फार ओली झाली तर नुसती गुरगुर होते. पिळायची, पण ओल राखून पिळायची. ती मुठीत धरून ओढतात, म्हणजे चिलमीला ओठ लागत नाहीत आणि दहाजणांत फिरली तरी ती उष्टी होत नाही. बाकी नियम दोनच. चिलीम उजव्या हाताला फिरते, उलटी कधी फिरवत नाहीत. आणि ज्याला ओढायची नाही त्यानंही ती घ्यायची, कपाळाला लावायची आणि पुढं द्यायची. माणसाला वगळून ती पुढं जात नसे. गेली तर त्याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळायचा.

माझी बायको हौसा पोराला घेऊन माहेरी होती. बरा झालोय, पाठवून द्या, असा मी सासऱ्याला निरोप धाडला होता. निरोप्या परत आला तो एकच प्रश्न घेऊन. "मामांनी इचारलंय, जावयाला चिलमीत घेतलंय का?" माझा सासरा वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

आजारापूर्वी मी काहिलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर असायचो, उकळत्या रसावरची मळी काढायचो. आता सातापानं मला चिपाडं वाळवायला लावलं. "धुरात नगं तुला. मोकळ्या वाऱ्यात ऱ्हा," म्हणाला. त्याची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या काळजीपायी मी रसापासून, गुळापासून आणि माणसांपासून एकाच दिवसात लांब गेलो. घाण्यातून पिळून निघालेली ओली चिपाडं माळावर पसरायची, उलटीपालटी करायची आणि वाळली की काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी नेऊन टाकायची, एवढंच माझं काम. चुलवाणापाशी केरबानाना बसलेले असायचे. नाना जळवे, म्हणजे आग सांभाळणारे. दिवसभर चिपाडं आत सारत राहायचे. ओझं टाकलं की "हं" म्हणायचे, बाकी काही नाही. चहा आला की माझा कप निराळा. त्याचा कान तुटलेला होता आणि तो माळावरच्या बाभळीच्या बेचक्यात ठेवलेला असायचा.

घरी जाऊन मी चूल पेटवायचो आणि भाकरी थापायचो. ती कधी गोल झाली नाही, पण बघायला तरी कोण होतं? दवाखान्यात निदान शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकायचं. इथं मी माझ्याच पोराचं नाव उगीच मोठ्यानं उच्चारून बघायचो, घरात आवाज व्हावा म्हणून.

एके दुपारी केरबानाना आग सोडून माळावर आले. एका खापरीत चुलवाणातला इंगळ घेतलेला. बाभळीखाली माझ्यासमोर बसले आणि त्यांनी अंगातल्या कोपरीतून स्वतःची चिलीम काढली.

"नाना, आग?"

"म्हादूला बसवलंय. आग काय पळून जात न्हाई."

त्यांनी तांब्यातल्या पाण्यात फडका भिजवला, पिळला आणि चिलमीला गुंडाळला. फडका तांबडा होता. छापी म्हणजे फाटक्या धोतराची चिंधी, हे ठरलेलं. पांढरी असते, वापरून वापरून तपकिरी होते. तांबडी छापी मी जन्मात पाहिली नव्हती.

"नानांचं धोतर फाटंना झालंय व्हय?" मी म्हणालो. कुणाची चेष्टा करून मला किती महिने झाले होते!

"फाटतंय की. ह्यो सुंदराच्या चोळीचा खण हाय, शिवून उरल्याला. पांढऱ्यावर मळ लगीच दिसतोय." सुंदरा म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच.

नानांनी एक झुरका घेतला आणि खोकले. चुलवाणावरचा माणूस खोकायचाच, त्यात विशेष काही नव्हतं. मग त्यांनी चिलीम माझ्यापुढं धरली.

"डॉक्टर नगं म्हणल्यात," मी म्हणालो.

"वढ म्हणून कोण म्हणतंय तुला? धर. कपाळाला लाव आनि दे."

"म्हंजे उलटी फिरवू?"

"दोघांत कसलं आलंय उलटं नि सुलटं, लेका."

मी चिलीम घेतली. मातीची ऊब हाताला लागली आणि ती कपाळाला टेकवताना मला रडू आलं. आवरायला गेलो तर जास्तच आलं. नानांनी चिपाडांकडं तोंड फिरवलं. "खालची वाळल्यात जनू," ते म्हणाले. "उलटी कर वाईच." मी रडत रडत चिपाडं उलटी करायला लागलो.

त्यानंतर ते रोज दुपारी येऊ लागले. माझ्या हातून चिलीम घ्यायचे, तीच छापी मुठीत धरून ओढायचे. माळ उघडा होता, घाण्यावरून सगळ्यांना दिसायचं. बघता बघता माझा कप बाभळीवरून उतरला. पौषात एका सकाळी शिरपतीनं आभाळाकडं न बघता चिलीम माझ्या हातात दिली. पुढच्या बाजारी हौसा पोराला घेऊन आली. "केरबानाना तुमच्या हातची घेत्यात म्हणून कळलं," ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तवा बाबा म्हणालं, जा." मी नुसता हसलो. पोरगं माझ्याकडं यायला लाजत होतं. ते माझ्या मांडीवर बसलं तेव्हा मी मनातल्या मनात नानांना हात जोडले.

नाना मात्र कधी चिलमीच्या वर्तुळात येत नसत. "चला की," मी आग्रह करायचो. "मला गलका सोसत न्हाई," म्हणायचे. सातापाला विचारलं तर तो म्हणाला, "दिवाळीपास्नं असंच चाललंय. पोरीचं लगीन डोक्यात हाय त्येच्या." सुंदराचं फाल्गुनात ठरलं होतं. मला नानांचा जीव लागला होता, म्हणून मी इकडची चिलीम कपाळाला लावून झाली की तिकडं बाभळीखाली जायचो. एकच गोष्ट मला खटकायची. छापी भिजवायचं काम लहानाचं असतं, पण नाना मला ती कधी सोडवू देत नसत. ओढून झालं की स्वतःच काढायचे आणि कोपरीत टाकायचे.

एक दिवस त्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. चिलीम मांडीवरून कलंडली. मी ती उचलली, कोरडी पडलेली छापी सोडवली आणि भिजवून आणावी म्हणून पाण्याच्या पाटावर गेलो. छापी बुडवली तशी पाण्यात लाली उतरली. मला वाटलं, खणाचा रंग जातोय. मग वाटलं, इतके दिवस रोज भिजतोय, आज कसला रंग जाणार? आणि पिळताना बोटांना जे चिकट लागलं ते मला ओळखीचं होतं. दवाखान्यात खाटेखालच्या भांड्यात मी ते रोज बघितलं होतं, आधी माझं आणि मग शेजारच्याचं.

मी परत आलो. नाना खोकायचे थांबले होते आणि माझ्या हाताकडं बघत होते.

"नाना, छापीचा रंग जातोय."

"कच्चा हाय."

"कवाधरनं जातोय?"

नानांनी छापी माझ्या हातातून घेतली आणि कोपरीत टाकली. मग म्हणाले, "दसऱ्यापास्नं."

"म्हणून बसत न्हाई व्हय त्येंच्यात?"

"पोराबाळांची माणसं हायती ती. कशाला?"

"आनि मी?"

"तुला एकदा हून गेलंय. हून गेल्यावर परत हुईत न्हाई, असं वाटलं मला." त्यांनी तोंड पुसलं. "आनि एकट्याला बसवंना झालं, पिराजी. धा-बारा माणसं दिसायची म्होरं, आनि जाता येत न्हवतं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? हा माणूस गावाला न जुमानता माझ्याजवळ आला, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर माझं घर परत उभं राहिलं होतं. आणि तो आला होता, कारण त्याला बसायला दुसरी जागाच उरली नव्हती.

"कुणाला सांगू नगंस," नाना म्हणाले. "क्षयाच्या घरातली पोरगी कोण नेतंय? फाल्गुनापतोर निभू दे. मग मी मेलो तरी चालंल."

फाल्गुनापर्यंत ते निभणार नाहीत हे मला दिसत होतं. असा खोकला मी ऐकलेला होता आणि तो पुढं कुठं जातो तेही बघितलं होतं. बोललो असतो तर सुंदराचं लग्न मोडलं असतं. गप्प बसलो असतो तर तिच्या लग्नात तिचा बाप नसता. मी चिपाडं वरखाली करत राहिलो, ती वाळलेली असूनही. मग नानांजवळ येऊन बसलो.

"उद्या तालुक्याला जाऊ," मी म्हणालो. "मला दाखवायला निघालोय म्हणून सांगायचं. तुमी सोबतीला."

"येड लागलंय व्हय? समदं तुझ्यावर यील."

"आलं तर येऊ दे."

सोपं वाटलं म्हणून म्हणालो. किती अवघड आहे ते माहीत असतं तर म्हणालो असतो की नाही, कुणास ठाऊक.

दवाखान्यात नानांना सुया आणि गोळ्या चालू झाल्या. गोळ्या माझ्या घरी, माझ्या गोळ्यांशेजारी फडताळात. सुयांसाठी आठवड्यातून दोनतीन खेपा एस.टी.नं तालुक्याला. सूर्य वर यायच्या आत आम्ही स्टँडवर उभे असायचो आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काय पिराजी, परत का?" मी मान हलवायचो. मग तो नानांकडं वळायचा. "नाना, तुमच्यावानी माणूस व्हायचा न्हाई. आपलं काम सोडून ह्येच्यासंगट जाताय." नाना खाली बघायचे. एस.टी.त बसल्यावर मी त्यांना म्हणायचो, "चला देवमाणूस, सुई टोचून घ्या." पहिल्यांदा ते हसले. नंतर नंतर हसेनासे झाले.

चिलीम पुन्हा माझ्या मांडीवरून जायला लागली. कप बाभळीवर गेला. मी तरी खेप नसेल त्या दर सकाळी वर्तुळात जाऊन बसायचो, मुद्दाम. माझी जागा मी सोडणार नव्हतो. हात मात्र आता पुढं करत नसे.

हौसानं एका दुपारी फडताळातल्या गोळ्या बघितल्या. पहिल्यापेक्षा जास्त होत्या.

"परत सुरू झालंय व्हय?" तिनं विचारलं.

मी फडताळाचं दार लावलं.

"खरं सांगा. पोरगं लहान हाय. मला काय कराय पायजे ते ठरवाय यील."

तिला सांगितलं असतं तर तिनं ते पोटात ठेवलं असतं, असं आज वाटतं. तेव्हा भरवसा वाटला नाही. शिवाय ते गुपित माझं नव्हतं.

"सुया चालू हायत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

तिनं पोराचे कपडे गोळा केले. जाताना माझ्यासाठी भाकऱ्या करून ठेवल्या, गोल. पोरगं वाटेनं मागं वळून बघत होतं आणि तिनं त्याला वळू दिलं. ती पुढं परत आली, पण त्या दुपारी ते मला ठाऊक नव्हतं. मी उंबऱ्यात बसून राहिलो. नानांचाही राग आला, सुंदराचाही आला, आणि तिचं तोंडसुद्धा मी नीट बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली नाना म्हणाले, "हौसा गेली म्हणं."

"गेली."

"मी सांगतो आजच समद्यास्नी."

"फाल्गुन लांब न्हाई आता. एवढं सोसलंय त्येची माती करू नका."

तंबाखू आता त्यांनाही बंद होती. तरी ते कोपरीतून चिलीम काढायचे, छापी भिजवायचे, पिळायचे आणि गुंडाळायचे. न पेटवलेली चिलीम आम्ही एकमेकांना देत बसायचो. घाण्यावरून लांबून बघणाऱ्याला आम्ही ओढतोय असंच वाटत असणार. माघ सरता सरता एक दिवस त्यांनी नवी छापी काढली. धोतराची चिंधी, पांढरी. तोंडावर धरून ते मुद्दाम जोर लावून खोकले आणि ती माझ्यासमोर उलगडली. नुसती ओली होती. "मळ दिसंना झालाय," ते म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता यांच्यापासून कुणाला धोका नाही, गोळ्या मात्र सोडू नका.

सुंदराचं लग्न झालं. मी मांडवाच्या कडेला निराळ्या पत्रावळीवर जेवलो. नाना नव्या धोतरात मिरवत होते आणि त्यांच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. दुसऱ्या सकाळी पोरीला सासरी पोचवून ते थेट गुऱ्हाळावर आले. आम्ही चिलमीला बसलो होतो. ते आगीकडं गेले नाहीत. आले आणि शिरपती आणि माझ्यामधे जागा करून बसले.

"नाना, आज चिलमीत?" सातापाला आनंद झाला. "बसा बसा. पोरीच्या बापाचा मान हाय आज."

चिलीम फिरत आली. शिरपतीनं ती दोन्ही हातांनी नानांना दिली. नानांनी ओढली नाही. कपाळाला लावली आणि हातातच धरून ठेवली.

"सुया माझ्या हुत्या," ते म्हणाले.

कुणाला कळलं नाही.

"क्षय मला झाल्ता. दसऱ्यापास्नं. ह्यो बरा हुता, पैल्यापास्नं बरा हुता. पोरीचं निभावं म्हणून ह्येनं अंगावर घेतलं. जावयाला आता वाटंत सांगून आलोय, पोरगा शाना हाय, ऐकून घेतलं. मीबी आता बरा हाय, डॉक्टर म्हणल्यात. तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं हुतं."

मग त्यांनी चिलीम माझ्या हातात दिली.

मी चिलीम कपाळाला लावली आणि उजवीकडं म्हादूपुढं धरली. म्हादूनं माझ्याकडं बघितलं, सातापाकडं बघितलं आणि घेतली. ओढलीसुद्धा. मग पुढचा, मग सातापा. सातापानं माझ्याकडं बघून मान हलवली. सबंध हिवाळा मी याचसाठी तिथं येऊन बसलो होतो.

चिलीम फिरून शिरपतीकडं आली. त्यानं झुरका घेतला. आणि आभाळाकडं बघितलं.

त्याचा हात नानांच्या मांडीवरून लांब होत माझ्यापर्यंत आला. मी चिलीम घेतली. नाना समोर बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, पुढं केलेले नव्हते. त्यांना हे आधीच ठाऊक होतं आणि तरी ते येऊन बसले होते. उजवीकडून म्हादूनं माझ्यासाठी हात पुढं केला.

मी चिलीम कपाळाला लावली आणि डावीकडं फिरवून नानांच्या हातात दिली.

"ए पिराजी," सातापा म्हणाला, "उलटी का फिरवलीस रं?"

"मधी एक माणूस ऱ्हायला हुता," मी म्हणालो.